जुना ट्यूब बेस अ‍ॅम्प घ्यावा का? घेतला तर पुण्याच्या लाइटवर कसा चालवायचा?

खर्जप्रेमी
नमस्कार मंडळी. कॅम्पातले एक ज्येष्ठ वादक घर आवरतायत. ऐंशीच्या दशकात हॉटेलांच्या बँडमध्ये ते बेस वाजवायचे. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातला फेंडर बेसमन ५० आहे. फक्त हेड, म्हणजे अ‍ॅम्पचा डबा, स्पीकरची कॅबिनेट नाही. पुढचं पॅनल चांदीच्या रंगाचं, निळी अक्षरं अजून शाबूत, पॉवर ट्यूब दोन ६एल६. बरीच वर्षं कुणी चालूच केलेला नाही. "वाजवणार असशील तरच ने, शोकेसमध्ये ठेवायला देणार नाही," असं त्यांनी बजावून सांगितलंय.

मला तो हवाय. पण अमेरिकेतला माल आहे, मागे ११७ व्होल्ट, ६० सायकल लिहिलंय. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० सायकल. डाउन ट्रान्सफॉर्मर लावून काम भागेल की आणखी काही बघावं लागतं? सुटे भाग मिळतात का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे आजच्या काळात असा अ‍ॅम्प स्टेजवर न्यावा का? मी चार तारांचा बेस वाजवतो, रॉक आणि थोडं मराठी फ्यूजन. ज्यांनी असे अ‍ॅम्प वापरलेत त्यांनी सविस्तर लिहा.

तपकीर_गल्ली
बाकी नंतर. सध्या कशालाही लावू नका. थेट सॉकेटला तर नाहीच नाही, आणि डाउन ट्रान्सफॉर्मरवरसुद्धा "एकदा लावून बघू" करू नका.

पौडफाटा
माझं मत उलट आहे आणि मी ते मनापासून मांडतोय. माझ्याकडे तीन किलोचा क्लास-डी (बिनट्यूबचा) हेड आहे, ५०० वॉट. बाइकवर सॅकमध्ये घालून नेतो. व्होल्टेज वर-खाली झालं तरी त्याला फरक पडत नाही, गरम होत नाही, ट्यूब बदलायला नकोत. समोरच्या माणसाला बेस पीएतूनच, म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांतूनच ऐकू येतो. मग दोन लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं धूड जिने चढवून कशासाठी न्यायचं? हा अ‍ॅम्प घेण्यात जे पैसे आणि त्याच्यावर जो खर्च होईल, त्यात एक उत्तम नवा बेस येईल.

मंद्रतार
पौडफाटा, सोयीबद्दल तुमचं सगळं खरं आहे, मीही लग्नाच्या शोला छोटाच अ‍ॅम्प नेते. पण खर्जप्रेमींनी विचारलंय ते वाजवण्याबद्दल, म्हणून लिहिते.

मुंबईतल्या एका स्टुडिओत मला अँपेग या अमेरिकी कंपनीच्या बी-१५ अ‍ॅम्पवर वाजवायला मिळालं होतं. पोर्टाफ्लेक्स म्हणतात तो. १९६० साली आला. वरचं झाकण उलटं केलं की हेड बाहेर येतं आणि काम झालं की पुन्हा उलटं करून कॅबिनेटच्या पोटात ठेवायचं. जेस ऑलिव्हरचं डिझाइन. कंपनी काढणारा एव्हरेट हल स्वतः उभा बेस वाजवायचा, त्यामुळे त्याला बेस स्वच्छ ऐकू यायला हवा होता, फाटलेला आवाज त्याला खपायचा नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन क्लबात बी-१५ वापरायचा. रेकॉर्डिंगला मात्र त्याचा बेस थेट मिक्सिंग डेस्कमध्ये जायचा, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मला काय जाणवलं सांगते. तार जोरात ओढली तरी आवाज अंगावर येत नाही. टोकाला किंचित दबतो, मग फुलतो आणि रेंगाळतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक नीट बसली की 'धा' जसा घुमून मागे राहतो, तसा. दाब बोटांना कळतो. हलकं वाजवलं की साफ, जोर दिला की खरखरीत कडा येते, आणि हे सगळं आवाजाच्या बटनाला हात न लावता होतं. त्या दिवसापासून उजव्या हाताकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मला विचाराल तर अ‍ॅम्प घ्या.

जुना_मिस्त्री
खर्जप्रेमी, व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्यूबच्या, मशिनी दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. आधी रेडिओ, मग सिनेमा थिएटरचे अ‍ॅम्प्लिफायर, आता पोरांचे गिटार अ‍ॅम्प. नीट वाचा.

आत चारशेहून जास्त व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही फिल्टरचे कंडेन्सर ते धरून बसतात. तुम्ही स्वतः उघडणार असाल तर नका उघडू. ज्याला व्हॉल्व्हचं काम येतं त्याच्याकडेच द्या. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा कितीही हुशार असो, हे काम वेगळं आहे.

चाळीस-पन्नास वर्षं झालेले फिल्टर कंडेन्सर वाळलेले असतातच. या फेंडरमध्ये ते चॅसिसच्या वर पत्र्याच्या झाकणाखाली असतात. झाकण काढलं की टोकाला तपकिरी चिकट फोड दिसतात, म्हणजे आतला द्राव बाहेर आला. ते सगळे बदलायचे, एकही ठेवायचा नाही. बायसच्या पुरवठ्यातला छोटा कंडेन्सर लोक विसरतात. तो गेला तर पॉवर ट्यूबवरचं ऋण व्होल्टेज जातं, ट्यूब लाल होतात आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. आवाजाच्या वाटेवरचे कपलिंग कंडेन्सर मात्र उगाच बदलू नका. डीसी गळतंय का ते मोजायचं, गळत नसेल तर हात लावायचा नाही.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड लागतो. शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर त्यावरून हळूहळू चढवायचं.

आता व्होल्टेज. रात्री आपल्याकडे २४० च्या वर जातं. दोनास एक ट्रान्सफॉर्मर लावला तर अ‍ॅम्पला १२० च्या पुढे मिळतात आणि अ‍ॅम्प बनलाय ११७ साठी. शिवाय ६० सायकलचा ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की लोखंड लवकर भरतं आणि जास्त तापतं. म्हणून थोडं कमी द्यायचं, ११० ते ११५ च्या आसपास. बरोबर आहे की नाही ते ट्यूबच्या हीटरवर मोजा. तिथे ६.३ व्होल्ट हवेत. सातच्या जवळ जात असतील तर पुरवठा कमी करा. ट्रान्सफॉर्मर ५०० व्हीएचा घ्या, वर वाव हवा. साधा ऑटोट्रान्सफॉर्मर घेतला तर लाइनपासून तो तुम्हाला वेगळं करत नाही. दोन वेगळ्या वाइंडिंगचा बांधून घ्या. आपल्याकडे रिवाइंडिंगवाले असा करून देतात.

आणि मागे 'ग्राउंड' नावाचा स्विच आहे. त्याला जोडलेला कंडेन्सर लाइनमधून थेट चॅसिसला येतो. तो शॉर्ट झाला तर बेसच्या तारांमध्ये लाइट येते. काढून टाका आणि तीन पिनी वायर घालून अर्थ (अर्थिंगची वायर) चॅसिसला पक्का बसवा.

कर्वेरोड
मिस्त्रीकाका, हा प्रतिसाद छापून आमच्या प्रॅक्टिस रूमच्या भिंतीवर लावतोय. परवानगी आहे ना?

जुना_मिस्त्री
लावा की. पण अर्थची ओळ मोठ्या अक्षरात लावा.

सदाशिवपेठी
अर्थचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनी सॉकेट दिसतं, पण मागे अर्थची वायर कुठेच गेलेली नसते. आमच्या ओळखीतल्या एका बेसवादकाला अशाच एका हॉलमध्ये माइकला ओठ लागताच झटका बसला. अ‍ॅम्प एका लाइनवर, मिक्सर दुसऱ्या, आणि अ‍ॅम्पचा अर्थ कुठेच नाही. वाचला, पण ओठ भाजला. तेव्हापासून मी कुठल्याही हॉलमध्ये गेलो की आधी सॉकेट टेस्टर लावतो. हम (सततची घुरघुर) येतो म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे लोक अजून भेटतात. हम घालवायचा तर डीआय बॉक्सवर, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला पोचवणाऱ्या डब्यावर, ग्राउंड लिफ्ट असतं, ते वापरा. भिंतीतल्या अर्थला हात लावू नका.

नदीकाठ
व्हॉल्व्ह म्हटलं की आमच्या घरचा मर्फी रेडिओ आठवतो. बटन फिरवलं की आधी नुसता पिवळा उजेड, मग जरा वेळानं बातम्या. मागच्या पुठ्ठ्यातून गरम वास यायचा. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्सही तेव्हा व्हॉल्व्ह बनवायची ना? आमच्याकडे बीईएल लिहिलेल्या जुन्या खोक्यातल्या नळ्या पडून आहेत. खर्जप्रेमींना चालतील का?

जुना_मिस्त्री
नदीकाठ, हो, बीईएलचे व्हॉल्व्ह चांगलेच होते. ईएल८४ तर अजून शोधत येतात लोक. टाकू नका. पण या अ‍ॅम्पला ६एल६जीसी लागतात आणि पुढच्या टप्प्याला १२एएक्स७, ज्याला आपण ईसीसी८३ म्हणायचो. खोक्यावर ईसीसी८३ असेल तर जपून ठेवा आणि मला दाखवा. बाकी नवे ६एल६ आजही बनतात. स्लोव्हाकिया, रशिया, चीन या तीन ठिकाणचे आपल्याकडे मिळतात. पॉवरच्या दोन्ही ट्यूब जुळलेल्या जोडीच्या घ्यायच्या.

इंजिनियरिंग_तिसरं_वर्ष
एक बाळबोध प्रश्न. बेसमन तर गिटारवाले वापरतात असं ऐकलंय. मग तो बेसचा अ‍ॅम्प आहे की गिटारचा?

मंद्रतार
बाळबोध मुळीच नाही. फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि १९५२ मध्ये त्याच्या जोडीला बेसमन. पहिल्यात एकच पंधरा इंची स्पीकर होता. पुढे चार दहा इंची स्पीकरांचा आला, तो गिटारवाल्यांनी उचलला, कारण तो गोड फाटतो. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ मध्ये पहिला मार्शल बनला तो याच बेसमनच्या सर्किटवरून. म्हणजे रॉक गिटारचा जो आवाज आपण ओळखतो त्याचं मूळ एका बेस अ‍ॅम्पमध्ये आहे. खर्जप्रेमींकडचा नंतरचा आहे, त्यात एक चॅनल बेससाठी आणि एक नॉर्मल. नॉर्मलमध्ये गिटारही छान लागते.

पौडफाटा
इतिहास मान्य. पण माझा मुद्दा स्टेजचा आहे. ५० वॉट! जोरात वाजवणारा ड्रमर शेजारी असेल तर ५० वॉट पुरणार नाहीत. खालच्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. तो साफ, मोठा ऐकवायचा तर ताकद लागतेच. ट्यूबचे वॉट मोठे असतात असं म्हणतात, ते मला पटत नाही. वॉट म्हणजे वॉट.

मंद्रतार
वॉट तेवढेच असतात, बरोबर. फरक मर्यादा ओलांडल्यावर कळतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मर्यादेला पोचला की एकदम कर्कश कापतो, म्हणून आपण त्याच्या बरंच आत राहतो. ट्यूब हळूहळू दबते, तो आवाज कानाला चालतो, म्हणून शेवटपर्यंत ताणता येतो. पण ड्रमरबद्दल तुमचं बरोबर आहे. साफ आवाज हवा असेल तर मोठ्या स्टेजला ५० वॉट एकटे पुरत नाहीत. माइक लावायचा किंवा डीआय घ्यायचा आणि अ‍ॅम्प आपल्या कानासाठी ठेवायचा.

गिटारवाला_औंध
ताकद हवी तर अँपेग एसव्हीटी! ३०० वॉट, चौदा ट्यूब, १९६९. त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर रोलिंग स्टोन्सनी तो नेला होता. नुसता हेड जवळपास ३९ किलोचा, आणि खाली आठ दहा इंची स्पीकरांची कॅबिनेट. एका फेस्टिवलच्या मागच्या बाजूला मी तो चढवायला हात लावलाय. वाजला तेव्हा पँटचे पाय हलत होते. माझ्याकडे कधी आला तर ड्रमरशी मैत्री वाढवीन, उचलायला चार हात हवेत. :)

पौडफाटा
@गिटारवाला_औंध तुम्ही माझीच बाजू मांडताय, आभारी आहे. :)

लॉ_कॉलेज_रोड
मी वेगळं बोलतो. हे अ‍ॅम्प आता कमी होत चाललेत. मूळ ट्यूब, मूळ कंडेन्सर, मूळ वायर, सगळं तसंच असेल तर त्याला मोल आहे. मिस्त्रीकाका म्हणतात तसं कंडेन्सर बदलले, ग्राउंड स्विचचा भाग काढला, तर तो 'ओरिजिनल' राहणार नाही. माझ्या मते जसाच्या तसा ठेवावा.

जुना_मिस्त्री
भाऊ, वाळलेल्या कंडेन्सरला मोल नाही. काढलेले भाग पिशवीत घालून, कुठला कुठला होता ते लिहून अ‍ॅम्पबरोबर ठेवायचे. पुढच्या मालकाला ते लागतात. पण मूळ म्हणजे ट्रान्सफॉर्मर. पॉवरचा, आउटपुटचा आणि चोक. ते तीन जिवंत असले की अ‍ॅम्प जिवंत आहे. ते वाचवायचे म्हणून तर कंडेन्सर बदलायचे. शिवाय ज्यांचा अ‍ॅम्प आहे त्यांनी शोकेसची परवानगी दिलेली नाही, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

सदाशिवपेठी
आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरून एक. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधी वाजवू नये, हे नव्या मुलांना माहीत नसतं. एका कार्यक्रमात मदतनीसानं चालू अ‍ॅम्पची स्पीकर केबल काढली, वादक वाजवतच होता. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. नवा मागवून बसवेपर्यंत पावसाळा उलटला.

जुना_मिस्त्री
फेंडरच्या मुख्य स्पीकर जॅकमध्ये काही नसेल तर तो आपोआप शॉर्ट होतो, त्यामुळे थोडं संरक्षण आहे. पण केबल जॅकमध्ये असेल आणि आतून तुटलेली असेल तर काहीच संरक्षण नाही. म्हणून स्पीकरची केबल जाड, स्पीकरचीच हवी. गिटारची केबल स्पीकरला लावायची नाही.

खर्जप्रेमी
मंडळी, अ‍ॅम्प घेतला. मिस्त्रीकाकांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पत्ता दिला, तिथे घेऊन गेलो आणि काम होताना शेजारी बसलो.

पत्र्याचं झाकण काढलं तेव्हा काकांनी लिहिलेले तपकिरी फोड अगदी तसेच दिसले, दोन कंडेन्सरच्या टोकांना. फिल्टर सगळे बदलले, बायसचाही. ग्राउंड स्विचचा कंडेन्सर काढला. जुने भाग चिठ्ठी लावून पिशवीत आहेत. दोन ६एल६ पैकी एक पार थकलेली होती, त्यामुळे नवी जोडी घातली. पुढच्या ट्यूब मूळच्या असाव्यात, पेन्सिलीनं टिचकी मारून बघितल्या, एक स्पीकरमधून घंटेसारखी वाजली, ती बदलली. ट्रान्सफॉर्मर तिन्ही चांगले आहेत. सिरीज बोर्डावर बल्ब पेटला आणि मंद झाला, तेव्हा काका पहिल्यांदा हसले.

एक शंका राहिली. मागे बायसचा पॉट फिरवून काकांनी ट्यूबचा करंट कमी करायचा प्रयत्न केला, पण तो फक्त एका ट्यूबचा वाढवतो आणि दुसऱ्याचा कमी करतो. हे असंच असतं का? बाकीच्यांच्या माहितीसाठी काकांनी इथे लिहावं.

जुना_मिस्त्री
असंच असतं. त्या काळातल्या बऱ्याच फेंडरमध्ये पॉट दोन्ही ट्यूब समान करायला दिलाय, हम कमी व्हावा म्हणून. एकूण बायस कमी-जास्त करायची सोय नाही. एक रेझिस्टर बदलून ती करून दिलीय. वाजवताना काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चालते. आतली राखाडी प्लेट लाल झाली तर त्याच क्षणी बंद.

तपकीर_गल्ली
कॅबिनेट कुठली लावताय? तो अ‍ॅम्प चार ओहमचा आहे. आठ ओहमच्या दोन कॅबिनेट समांतर जोडल्या की चार होतात. मागून उघडी गिटारची कॅबिनेट बेसला लावू नका, खालच्या स्वरांना कोन बेफाम हलतो आणि फाटतो.

नदीकाठ
आणि पावसाळ्यात कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवू नका. कागदी कोनाला बुरशी लागते. आमच्या जुन्या रेडिओग्रामचा स्पीकर असाच गेला. आठवड्यातून एकदा तरी वाजवा, ट्यूबच्या उष्णतेनं आतली ओल निघून जाते.

पौडफाटा
खर्जप्रेमी, अभिनंदन. मतभेद होते तरी मनापासून विचारतो, वाजतो कसा? आणि स्टेजवर नेणार का?

खर्जप्रेमी
पौडफाटा, धन्यवाद. मूळ प्रश्नच तो होता.

प्रॅक्टिसला लावला, मित्राची बंद पंधरा इंची कॅबिनेट घेऊन. आठ ओहमची एकच होती, त्यामुळे आवाज मर्यादेतच ठेवला. बेस चॅनल, 'डीप' स्विच चालू, आवाज चारवर. आमचा गिटारवादक म्हणाला, "आज तुझं प्रत्येक बोट वेगळं ऐकू येतंय." मंद्रतारताईंनी लिहिलेला तो दाब मलाही जाणवला. जोरात तार मारली की पुढे उडी न मारता आवाज आत ओढला जातो आणि मग पसरतो. सम गाठून थांबलं की मागे शेपूट राहतं. त्यामुळे मी स्वर कमी वाजवायला लागलोय आणि लांब धरायला लागलोय. फ्यूजनच्या गाण्यात तबल्याला त्यामुळे जागा मिळाली.

स्टेजचं उत्तर असं ठरवलंय. जिथे अर्थ तपासता येईल, जिथे जाऊन-येऊन अ‍ॅम्पवर लक्ष ठेवता येईल आणि जिथे माइक लावायची सोय असेल तिथे नेईन. ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टमीटर बरोबर असेल. भर गर्दीच्या, पाच मिनिटांत बँड बदलणाऱ्या शोला तुमच्यासारखा हलका हेड नेईन, त्यासाठी तो खरंच चांगला आहे. रेकॉर्डिंग सगळं या अ‍ॅम्पवर.

ज्यांच्याकडून घेतला त्या काकांना पुढच्या प्रॅक्टिसला बोलावलंय, रविवारी सकाळी, कर्वेनगरला. ज्यांना ऐकायचाय त्यांनी यावं, बेसवाल्यांनी आपापला बेस आणावा. आठ ओहमची आणखी एक बंद कॅबिनेट कुणाकडे असेल तर घेऊन या, म्हणजे चार ओहमवर पूर्ण ताकदीत ऐकता येईल.

गिटारवाला_औंध
माझ्याकडे आहे, पंधरा इंचीच. आणतो. उचलायला मात्र ड्रमरला खाली पाठवा.

सदाशिवपेठी
येतो. सॉकेट टेस्टर माझ्याकडून.